कपाटातलं तोंड

मी डोळ्यांनी लिहितो. कौतुक म्हणून सांगत नाही, दुसरं काही हलत नाही म्हणून सांगतो. समोरच्या पडद्यावर अक्षरं मांडलेली असतात. एका अक्षराकडे टक लावून पाहिलं की पडद्याखालची पट्टी माझ्या बुबुळांचा माग काढते आणि ते अक्षर वर उमटतं. मग पुढचं अक्षर. वाक्य झालं की बोलण्याच्या चौकोनाकडे पाहायचं, की यंत्र ते मोठ्याने म्हणतं, बातम्या देणाऱ्याला सर्दी झाल्यासारख्या आवाजात. एवढी सगळी यातायात 'पाणी' म्हणायला.

आणि ही वेळ कुणावर, तर जन्मभर सलून चालवलेल्या माणसावर. माझ्या खुर्चीत गिऱ्हाईक केस कापायला बसायचं आणि गल्लीभरच्या बातम्या घेऊन उठायचं. हाताच्या दुप्पट तोंड चालायचं. बायको गल्ल्यावर बसायची. "अहो, बोलण्याच्या नादात कान कापाल कुणाचा तरी," असं ती सगळ्यांसमोर म्हणायची. गिऱ्हाईक हसायचं, पण जरा सावरून बसायचं. मग हातातून आधी कंगवा निसटायला लागला, नंतर कात्री, आणि शेवटी शब्दच तोंडातल्या तोंडात मऊ पडायला लागले. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं. ते इथे लिहीत नाही, अक्षरं फार लागतात.

यंत्र बसवायला आलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की हा शेवटी कॉम्प्युटर आहे, कधीतरी बसणारच. नुसत्या फाइली कॉपी करून भागायचं नाही. आतली सगळी सिस्टिम, बोलण्याचा प्रोग्रॅम, डोळ्यांची मापं, सगळं जसंच्या तसं बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवून ठेवा. मग उद्या डिस्क गेली तरी नव्या डिस्कवर तोच माणूस परत उभा करता येईल. मी तेव्हा मान डोलावली होती, तेवढी मान तेव्हा हलायची. शिकून घेतलं ते बायकोने. अधूनमधून ती यंत्र बंद करायची, पेन ड्राइव्ह लावून वेगळ्या पडद्यावर चालू करायची आणि सगळी सिस्टिम एका काळ्या, तळहाताएवढ्या ड्राइव्हवर उतरवायची. तेवढा वेळ मी मुका. झालं की ती ड्राइव्ह जुन्या टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवायची आणि म्हणायची, "ठेवलं तुमचं तोंड कपाटात. लग्न झाल्यापासून हेच करायचं होतं मला."

या आजारात अंग बधिर होत नाही, बरं का. लोकांचा तसा समज असतो. नाकावर माशी बसली तर चांगली कळते, हाकलता येत नाही एवढंच. मी बधिर झालो तो नंतर, बायको गेल्यावर. पोटात दुखतंय म्हणून ती हॉस्पिटलात गेली. साधं ऑपरेशन होतं, चार दिवसांत येते म्हणाली आणि आली नाही. मला खुर्चीसकट गाडीत चढवून शेवटचं बघायला नेलं. तिचा भांग कुणीतरी उलट्या बाजूला पाडला होता. मी तेवढंच बघत राहिलो. रडू येईल म्हणून वाट पाहिली, आलं नाही. नंतरही आलं नाही. सकाळ व्हायची, कूस बदलायचे, तोंड पुसायचे, पोटातल्या नळीतून जेवण जायचं, संध्याकाळ व्हायची. कुणी विचारलं कसं वाटतंय, तर मी 'बरं' लिहायचो, कारण त्याला अक्षरं कमी लागतात.

लेक आणि जावई माझ्याकडे राहायला आले. लेक शाळेच्या ऑफिसात काम करते. जावईबापू लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांची एक सवय आहे. लिफ्टमध्ये कुणी अडकलं असलं की बाहेरून सतत बोलत राहायचं, आता मी काय करतोय, आता खडखड आवाज येईल, घाबरू नका. आतल्या माणसाचा धीर सुटू नये म्हणून. ते माझ्याशीही तसंच बोलतात. "बाबा, आता मी उशी काढतोय. आता मान किंचित डावीकडे जाईल." बाकीचे लोक माझ्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलतात, जसं काही मला ऐकूही येत नाही आणि शिवाय मी मठ्ठही आहे. डॉक्टरसुद्धा. जावईबापू मला अडकलेला माणूस समजतात, आणि ते बरोबरच आहे.

मग यंत्र रुसायला लागलं. शब्दाच्या मध्येच अडायचं. मी 'पाणी' लिहायला घ्यावं आणि ते 'पा' वर गोठावं, मग बराच वेळ पडदा तसाच. आतून टकटक असा आवाज यायचा. जावयांनी यंत्राला कान लावला आणि त्यांचा चेहरा पडला.

"डिस्क चाललीय," ते म्हणाले. "आजच सगळं उतरवून घ्यायला हवं."

"मी घेतेय ना दर रविवारी," लेक म्हणाली. तिच्या आवाजात जरा अभिमान होता. "आईने हॉस्पिटलातून फोनवर सांगितलं होतं. एक रविवार चुकवला नाही मी."

ती कपाटातून टॉवेलाची गुंडाळी घेऊन आली. जावयांनी ड्राइव्ह आपल्या लॅपटॉपला जोडली. लेकीने बोट ठेवून दाखवलं, हे बघा, हे सगळे. पडद्यावर चित्रांच्या रांगा होत्या. माझ्या बोलण्याच्या प्रोग्रॅमचं चिन्ह म्हणजे उघडं तोंड, लाल ओठ, कोपऱ्यात एक छोटा बाण. तसली तोंडंच तोंडं. तिच्या आईने फोनवर घाईत सांगितलं होतं, ड्राइव्ह लाव आणि ते तोंडाचं सगळं त्यात घाल. बाकीचं घरी आल्यावर दाखवते म्हणाली होती. लेकीने तोंड धरलं आणि ओढून ड्राइव्हमध्ये टाकलं. दर रविवारी, मनोभावे.

जावई बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि ते गप्प बसले की समजायचं लिफ्ट मोठी अडकलीय.

"अगं," ते शेवटी म्हणाले, "हा नुसता शॉर्टकट आहे. दारावरची पाटी. घर नाही यात."

लेकीचा चेहरा पांढरा पडला. मला खरं तर हसू यायला हवं होतं. माझ्या पोरीने इतके महिने माझ्या तोंडाचा फोटो जपून ठेवला होता. एरवी मी हा किस्सा सलूनमध्ये वर्षभर पुरवला असता. पण हसूही आलं नाही आणि वाईटही वाटलं नाही.

जावयांनी त्याच संध्याकाळी यंत्र पेन ड्राइव्हवर चालू करून सिस्टिम उतरवायला घेतली. "बाबा, आता तुमचा पडदा जाईल. घाबरू नका, मी इथेच आहे." किती उतरलं ते दाखवणारी पट्टी थोडी पुढे सरकली, टकटक वाढली, आणि लाल अक्षरांत काहीतरी आलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा यंत्र चालूच झालं नाही. काळा पडदा, आणि त्यात उशीवर टेकवलेलं माझं डोकं. केस कानांवर आले होते.

त्यानंतरचे दिवस मी पूर्ण मुका होतो. वर पाहिलं तर हो, खाली पाहिलं तर नाही, एवढ्यावर संसार. लेक एकेक गोष्ट विचारत जायची. पाणी? कूस? पंखा? पाय? शेवटी ती पलंगाच्या कडेवर बसून रडायला लागली. "बाबा, मी घालवला तुमचा आवाज. आता तुम्ही कधीच काही बोलला नाहीत तर मी काय करू? आई गेली, आता तुम्हीही असे." तिला धास्ती होती ती एवढीच, आणि खरी होती. नवीन यंत्र मागवायचं, पुन्हा सगळी मापं घ्यायची, तोपर्यंत माझे डोळे साथ देतील की नाही, हे कुणी सांगू शकत नव्हतं. पापण्या अलीकडे जड व्हायला लागल्या होत्या.

मी वर पाहिलं. ती हो समजली की नाही, कुणास ठाऊक. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं झालं होतं. बोलायची सक्ती गेली होती. मुकं राहायला काही लागत नाही, त्याची सवय लवकर होते. जन्मभर बडबडून मी माझ्या वाट्याचं सगळं बोलून संपवलं असणार, असं मला वाटायला लागलं होतं.

जावयांनी मात्र हाय खाल्ली नाही. नवी डिस्क आणली आणि ड्राइव्ह पुन्हा उघडून बसले. तोंडांच्या रांगा ओलांडून खाली गेले, आणि तिथे एक जाडजूड फाइल सापडली. तिच्यावरची तारीख बायको हॉस्पिटलात जाण्याच्या आदल्या दिवसाची होती.

"आईंनी घेतलेला शेवटचा बॅकअप," ते म्हणाले. "पूर्ण सिस्टिम आहे. बाबा, तुम्ही सापडलात."

पोटात कळा येत असताना तिने हे केलं असणार. मी त्या दिवशीचं आठवायला गेलो, पण ते इतर दिवसांसारखंच होतं. तिने यंत्र बंद केलं, मी मुका झालो, तिने टॉवेल गुंडाळला.

दुपारभर पट्टी सरकत होती. जावई शेजारी बसून लिफ्टवाल्या आवाजात सांगत होते, आता अर्धं आलं, आता जरा थांबलंय, थांबू दे, ते मोजतंय. मग पडदा उजळला, अक्षरं उमटली, आणि डोळ्यांची मापं जुनी असल्याने माझी नजर एकीकडे आणि यंत्राचा अंदाज भलतीकडे. मी 'झालं' लिहायला गेलो आणि कोपऱ्यातला कुठलातरी चौकोन दाबला गेला.

"अगं ए, ऐकतेस का?"

माझा आवाज. सर्दी झालेल्या बातमीवाल्याचा नाही, माझा, सलूनमधला, कात्रीच्या आवाजावरून पलीकडे जाणारा. आवाज जायच्या आधी बायकोने मला समोर बसवून रोजची वाक्यं माझ्याच आवाजात भरून घेतली होती, आणि ती सगळी तिच्या नावाच्या एका पानावर होती. ती गेल्यावर माझी नजर चुकून त्या पानावर जायची आणि ती नसलेल्या घरात ही हाक उठायची. लेक दचकून हातातलं भांडं सोडायची. म्हणून मीच ते पान जावयांकडून काढवलं होतं. पण हा बॅकअप त्याआधीचा. यात बायको होती. यंत्राच्या दृष्टीने ती आत स्वयंपाकघरात होती आणि हाक मारली तर येणार होती.

लेक दारात उभी होती. तिने चौकट धरली.

जावयांनी मापं नव्याने घेतली. पडद्यावर एक ठिपका फिरत राहिला आणि मी त्याच्यामागे डोळे फिरवले. मग ते घसा साफ करून म्हणाले, "बाबा, आता लगेच नवा बॅकअप घेतो, उद्यावर नको. आत्ता यात जे जसं आहे, तसंच त्या ड्राइव्हवर राहील आणि पुढे कधी यंत्र बसलं तर तेच परत येईल. म्हणून विचारतो. आईंचं पान ठेवू की काढू?"

"काढा," लेक म्हणाली. "मागेही काढलंच होतं ना." आणि ती आत निघून गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. नळाखाली काही धुतल्याचा आवाज मात्र आला नाही.

मी पान उघडलं. काढायचंच होतं, तरी उघडलं. मान अवघडलीय. टीव्हीचा आवाज कमी कर. दुकान उघडलं का पोरांनी? खरं म्हणजे हा बॅकअप घेतला तेव्हाच दुकान विकून झालं होतं. सगळ्यात खाली होतं, तू जेवलीस का? ते भरताना आमचं भांडण झालं होतं. मी म्हटलं होतं, हे कशाला, हे मी कधी म्हणतो? ती म्हणाली होती, "म्हणूनच. जन्मात कधी विचारलं नाहीत, आता यंत्राकडून तरी विचारा." मी भरलं, आणि नंतर ते रोज दाबायचो, कारण दाबायला सोपं होतं. ती आतून ओरडायची, "जेवले, जेवले, तुमच्या यंत्राला सांगा."

मग मी लेकीचं पान उघडलं. ते बॅकअपमध्ये जवळजवळ रिकामं होतं, ती तेव्हा पाहुणी म्हणून यायची. पण गेल्या कित्येक महिन्यांत मी त्यात काय काय घातलं होतं, ते मला पाठ होतं. पाणी. कूस. पाय. पंखा. लाळ पूस. दिवा घालव. सगळं सर्दीवाल्याच्या आवाजात. त्या सगळ्या दिवसांत मी माझ्या पोरीला एकही प्रश्न विचारला नव्हता. अक्षरं वाचवत होतो.

आता कुठे मी तिला आठवून पाहिलं, दारात उभी असतानाची. केस तिने स्वतःच कापले होते, आरशात बघून, घाईत. मागची कड एका बाजूला चढली होती. कधी कापले असतील? माझ्यासमोरून ती दिवसातून पन्नास वेळा जाते, आणि रस्त्याने जाणाऱ्याचा नुसता भोवरा पाहून त्याचा न्हावी ओळखणाऱ्या माझ्या नजरेला ते दिसलं नव्हतं.

मी लिहिलं, 'पान काढा. एक ठेवा.' मग कोणतं ते लिहिलं. आणि मग, 'लेकीच्या पानावर.'

जावयांनी वाचलं. त्यांना सगळ्या गोष्टी आधी दोनदा तपासून बघायच्या असतात, पण या वेळी काही विचारलं नाही. एकेक चौकोन पुसत गेले, आणि ते शेवटचं वाक्य उचलून लेकीच्या पानावर, वरच्या कोपऱ्यात, माझ्या नजरेला सोपं पडेल अशा जागी ठेवलं. "झालं, बाबा. आता बंद करतो आणि उतरवायला लावतो. थोडा वेळ अंधार होईल."

मी लिहिलं, 'थांबा.'

लेक हात पुसत बाहेर आली. मी त्या कोपऱ्याकडे पाहिलं.

"तू जेवलीस का?" माझ्या आवाजात.

ती जागच्या जागी थांबली. "अहो, काढा म्हटलं ना मी ते," ती नवऱ्याला म्हणाली. "परत लागलं त्यांच्याकडून चुकून."

मी पुन्हा त्या कोपऱ्याकडे पाहिलं.

"तू जेवलीस का?"

"हो हो, जेवले," ती माझ्याकडे न बघता म्हणाली आणि माझ्या पायावरचं पांघरूण उगाच ओढून नीट करायला लागली. आईसारखंच म्हणाली. आईची नक्कल तिला लहानपणापासून चांगली यायची.

माझे डोळे थकले होते. पापणी मिटत होती आणि नजरेचा ठिपका कोपऱ्यापर्यंत जाऊन परत घसरत होता. दोनदा सुटला. जावयांचा हात बटणावर होता, त्यांना वाटलं माझं झालं. मी सगळा जीव त्या कोपऱ्यात नेऊन ठेवला.

"तू जेवलीस का?"

या वेळी तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. सरळ डोळ्यांत, मी कुठे बघतोय ते बघायला. मी तिच्याकडेच बघत होतो. त्याच क्षणी जावयांनी बटण दाबलं आणि पडदा गेला.

"नाही," ती म्हणाली. "नाही, बाबा. काल रात्रीपासून नाही."

मग तिने जे सांगितलं, ते मला ठाऊक नव्हतं. मला नळीने भरवल्यावर माझ्यासमोर जेवायला तिला जमत नव्हतं. वासाने मला त्रास होईल, मला वाटेल माझ्या डोळ्यांदेखत घास घेते. म्हणून ती आत ओट्यापाशी उभ्याउभ्या खायची, घाईघाईत, आवाज न करता, आणि कधी कधी राहूनच जायचं. हे सांगताना ती पलंगाच्या कडेवर बसली होती आणि नाक बाहीला पुसत होती. मोठी बाई, शाळेत शेकडो पोरांच्या नोंदी ठेवणारी.

मी वर पाहिलं. हो. जा. तिला कळलं.

ती आतून ताट घेऊन आली आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. पहिले दोन घास तिने मान खाली घालून घेतले. तिसऱ्याला वर पाहिलं. जावई भिंतीला टेकून यंत्राकडे बघत होते आणि अडकलेल्या माणसाशी बोलावं तसं हळू आवाजात सांगत होते, सुरू झालंय, सगळं नीट उतरतंय, वेळ लागेल पण उतरतंय.

ताटात फार काही नव्हतं. तिने ते संपवलं आणि बोटं चाटून आता उठू की नको अशा बेतात बसली. अजून घे, मला म्हणायचं होतं. एवढ्याने काय होतंय, अजून घे, आणि ते केस कुणी कापले गं असे, इकडे ये, मागून दाखव. आई गेली तेव्हा मी तुला काहीच विचारलं नाही. बायको गेल्यापासून पहिल्यांदा मला काहीतरी बोलायचं होतं, इतकं की डोळ्यांतून पाणी आलं ते गालावरून कानात गेलं. पडदा काळाच होता. त्याच्या तळाशी पांढरी पट्टी सरकत होती, आणि ती अजून अर्ध्यावरही आली नव्हती.